दिवसा मोकळा, रात्री दाराआड: जुन्नरकडच्या अश्विन-कार्तिकात तरणा कुत्रा कसा सांभाळायचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून जुन्नर तालुक्यात शेतावरच्या घरी राहायला आलात, सोबत दहा महिन्यांचा नर कुत्रा, आई गावठी आणि बाप लॅब्रॅडॉर. पावसाळा त्यानं पडवीत काढला. घट बसल्यापासून मात्र दार उघडलं की जो सुटतो, तो तास-दोन तासांनी गोचिड्या आणि कुसळं घेऊनच परततो. शेजारच्या कोंबड्यांमागे लागतो. शेजारी म्हणतात, दिवसा साखळीला बांधा आणि रात्री सोडा, राखणही होईल. तसं करावं का, आणि दिवाळीत काय करायचं?

या भागात जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून आधी सरळ उत्तर देतो: शेजाऱ्यांचा सल्ला नेमका उलटा करा. दिवसा मोकळा, पण तुमच्यासोबत. रात्री आत, दार लावून. ही एक गोष्ट पाळलीत तर बाकीचं सगळं दुरुस्त करता येण्यासारखं आहे.

दिवसा बांधून रात्री सोडायची रीत जुन्या लोकांनी उगाच पाडलेली नाही. भीती भुरट्या चोरांची आणि कोंबड्या पळवणाऱ्या कोल्ह्याची होती तोवर ती चालली. पण कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे. पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, आणि उसात बिबट्या कायमचा राहायला आला. आज जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्या हा जंगलातून चुकून आलेला पाहुणा नाही. उसातच जन्मलेला, उसातच वाढलेला प्राणी आहे. त्याला रात्री सगळ्यात सहज मिळणारं भक्ष्य म्हणजे कुत्रा. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा बिबट्यांनी खाल्लेल्या एकूण मांसात पाळीव कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. गावात शेळ्यांची संख्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा बराच कमी. कारण उघड आहे. शेळ्या दिवस मावळायला गोठ्यात कोंडल्या जातात आणि कुत्री बाहेर राहतात. आपण शेळीला जेवढं जपतो तेवढं कुत्र्याला जपलं, तर तोही वाचतो.

त्यातही अश्विन-कार्तिक अधिक नाजूक. ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो, दिवाळीनंतर सहाच्या सुमारास अंधार पडायला लागतो, आणि आपलं घड्याळ मात्र अजून श्रावणातलंच चालू असतं. सातला 'आत्ताच तर संध्याकाळ झाली' म्हणून कुत्रा अंगणात असतो. दिवाळीच्या पुढेमागे साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं, ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, फडामागून फड मोकळे होतात आणि पिल्लांसकट बिबट्याची मादी दुसऱ्या फडात, कधी थेट घरामागच्या गिन्नी गवतात सरकते. काल जिथं काही नव्हतं तिथं आज असू शकतं.

रात्री साखळीला बांधून बाहेर ठेवणं हे तर मोकळं सोडण्याहूनही वाईट. मोकळा कुत्रा निदान पळतो, भुंकतो, खाटेखाली शिरतो. बांधलेला जागच्या जागी मरतो. शिवाय दाराशी बांधलेला कुत्रा बिबट्याला दारापर्यंत आणतो, आणि त्याच दारातून पहाटे लहान मूल बाहेर येतं. म्हणून कुत्र्याची झोपायची जागा चारही बाजूंनी आणि वरूनही बंद हवी. घरातली खोली सगळ्यात उत्तम. ते जमत नसेल तर गोठ्याला लागून जाड वेल्डमेश जाळीचा, पत्र्याचं छप्पर असलेला पिंजरा करून घ्या. नुसती उंच भिंत पुरत नाही, बिबट्या ती सहज चढतो. राखणीची काळजी सोडा. दाराआडून भुंकणारा कुत्राही चोराला तेवढाच कळतो.

रात्रपाळीची लाईट असली, म्हणजे शेतीपंपाला रात्रीच वीज मिळत असली, की माणसं कांद्याला, गव्हाला पाणी द्यायला रात्री शेतावर जातात आणि कुत्रा लाडानं मागे येतो. नेऊ नका. सोबत म्हणून माणूस न्या, बॅटरी न्या, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा. आणि कधी कुत्रा उचललाच गेला, तर काठी घेऊन त्याच्यामागे उसात शिरू नका. वनखात्याला १९२६ वर कळवा. हे लिहितानाही जड जातं, कारण कुत्र्यामागे धावणारी माणसं मी ओळखतो, पण ऐका.

आता दिवसाचं. दहा महिन्यांचा कुत्रा म्हणजे अंगानं जवळजवळ मोठा आणि डोक्यानं पोर. त्यातून तुमच्याकडे लॅब्रॅडॉरचा खादाडपणा आणि गावठीची चपळाई एकत्र आलीय. चार महिने पावसात अडकल्यावर त्याला अचानक हा ऋतू सापडला. सकाळी दव पडतं, जमिनीचा वास उघडा पडतो. रात्रभर उंदीर, ससा, साळिंदर कुठून कुठं गेलं हे सगळं बांधावर त्याला आपल्या पेपरासारखं वाचता येतं. हे वाचू न देता त्याला साखळीला बांधलंत, तर ती ताकद साखळी चावण्यात, खड्डे करण्यात आणि सुटल्यावर दुप्पट पळण्यात जाईल. साखळीनं कुत्रा शांत होत नाही, चिडका होतो. तेव्हा ताकद खर्च करायची वेळ आणि जागा आपण ठरवायची.

बाजारातून बैलाचा कासरा आणा. तीसेक फुटांचा, सुती. गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीपट्ट्याला बांधा, म्हणजे झटका बसला तरी मानेला इजा नाही. उजाडल्यावर, चांगलं दिसायला लागलं की निघायचं, आणि आठ-साडेआठच्या आत परत. ऑक्टोबरच्या उन्हाला लोक हलकं समजतात. आभाळ निरभ्र, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याची बरीचशी गरमी जिभेवाटे, धापेवाटे जाते. दुपारी बारा वाजता चेंडूमागे पळवलेला तरणा कुत्रा स्वतःहून थांबत नाही, कोसळतो. धाप थांबेना, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, पाय लटपटायला लागले, तर सावलीत न्या, साधं पाणी अंगभर ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

त्या दीड-दोन तासांत निदान वीस मिनिटं त्याला नुसतं हुंगू द्या. ओढू नका, घाई करू नका. तुम्ही शहरातून आलात म्हणून सांगतो: नाकानं केलेलं काम कुत्र्याला पायांच्या कामापेक्षा जास्त थकवतं. परत आल्यावर मळणीनंतरच्या सोयाबीनच्या भुसकटात भाकरीचे तुकडे लपवा आणि शोधायला लावा. तासाभरात आडवा होईल. मोटारसायकलमागे मात्र पळवू नका. आपल्याकडे पोरं हे हौसेनं करतात, पण लॅब्रॅडॉरच्या वळणाच्या कुत्र्याची हाडं सव्वा-दीड वर्षापर्यंत पक्की होत असतात. डांबरी रस्त्यावर रोजचं असं पळणं म्हणजे पुढे लंगडण्याची सोय.

कासऱ्यावर असताना एकच शब्द शिकवा, 'ये'. आला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा, कलेजीचा तुकडा, दर वेळी. महत्त्वाचं म्हणजे 'ये' म्हणून बोलावलं आणि लगेच घरात कोंडलं असं वारंवार करू नका. दहा वेळा बोलवा, नऊ वेळा खाऊ देऊन परत सोडा. आणि तो तासाभरानं आला तरी आल्यावर मारू नका, रागवू नका. त्याच्या लेखी तुम्ही परत येण्याबद्दल मारलंत. कासरा जमिनीवर घसटत असतानाही तो पहिल्या हाकेला वळायला लागला, की मगच आपल्या बांधाच्या आत मोकळा सोडा. बहुतेकांना यासाठी दीड-दोन महिने लागतात, म्हणजे हा सगळा ऋतू.

कोंबड्यांचंही तसंच. कासरा धरून खुराड्यापासून इतकं लांब बसा की त्याला कोंबडी दिसेल पण तो ओढणार नाही. कोंबडीवरून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की तुकडा. रोज दोन-चार पावलं पुढे. मेलेली कोंबडी गळ्यात बांधायचा उपाय कुणी सांगेल. त्यातून कुत्रा काही शिकत नाही, गळ्याला जखम होऊन अळ्या मात्र पडतात. आणि शेजाऱ्याची कोंबडी गेलीच असेल, तर आजच जाऊन पैसे द्या, घासाघीस न करता. खेड्यात कुत्र्यावर विषप्रयोग होतात त्यामागे बऱ्याचदा अशीच एखादी न भरलेली कोंबडी असते.

आता कुसळं. याबद्दल जरा विस्तारानं लिहितो, कारण दसऱ्यापासून महिनाभर माझ्याकडे येणाऱ्या कुत्र्यांमध्ये याच्या तक्रारी पुष्कळ असतात आणि घरच्या माणसाला कुसळ दिसलेलंच नसतं. डोंगरउतारावरचं आणि पडीक रानातलं कुसळी गवत पावसाळ्यात हिरवं, मऊ असतं. अश्विनात ते पिवळं पडतं आणि त्याचं बी पिकतं. प्रत्येक बियाला खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि वर लांब पिळदार शेपूट. दवानं ओलं झालं की ती शेपटी उलगडते, उन्हानं सुकली की पुन्हा पीळ घेते. बी जमिनीत रुतून बसावं म्हणून ही योजना. पण तेच बी कुत्र्याच्या बोटांमध्ये अडकलं तर त्याच पिळानं कातडीत शिरतं, आणि मागे वळलेल्या केसांमुळे फक्त पुढेच सरकतं. पायातून शिरलेलं कुसळ चार बोटं वर गाठ होऊन निघालेलं मी पाहिलं आहे.

म्हणून फिरून आल्यावर आत घ्यायच्या आधी पायरीवर बसवा. पुढचा पाय हातात घ्या, अंगठ्यानं तळव्याची गादी हळूच दाबा म्हणजे बोटं फाकतात. प्रत्येक फटीत बोट फिरवा, वरून आणि खालून. मग काखा, जांघा, लिंगाभोवतीचे केस, शेपटीखाली. कान उलटा करून आतली घडी पाहा. लॅब्रॅडॉरचा कान लोंबता असेल तर तिथं कुसळ हमखास लपतं. शेवटी डोळ्याची खालची पापणी. सगळं मिळून पाच मिनिटं, आणि प्रत्येक पायानंतर एक तुकडा, म्हणजे उद्या तो स्वतः पाय देईल. सराट्याचा काटा रुतला असेल तर तो लगेच लंगडतो, कळतं. कुसळ मात्र मुकाट्यानं शिरतं. एकच बोट सतत चाटत असेल, अचानक फटाफट शिंकायला लागला आणि नाक पंजानं घासतोय, डोकं एका बाजूला कलवून कान झाडतोय, तर 'बघू उद्या' करू नका. कानात तेल घालू नका, चिमटा खोलवर घालू नका. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. थोडी भूल देऊन काढायचं काम आहे. पायाचे आणि कानाचे लांब केस या महिन्यात कातरून टाकलेत तर निम्मा त्रास वाचेल.

हीच पाच मिनिटं गोचिड्यांसाठीही. पाऊस उघडला आणि ऊबही आहे, म्हणून या दिवसांत त्या भराभर वाढतात. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आपलं बरंचसं आयुष्य कुत्र्यावर नाही, भिंतीच्या फटीत काढते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, फटीत शिरते आणि तिथं काही हजार अंडी घालते. त्यामुळे कुत्र्यावरच्या वेचत बसून भागत नाही. तो झोपतो तिथल्या भिंतीच्या, फरशीच्या भेगा लिंपून घ्या, अंथरूण कडक उन्हात टाका. अंगावर दिसलेली चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. रॉकेल लावणं, काडीनं चटका देणं, नखांनी चिरडणं यातलं काही नको.

औषधाबाबत कळकळीची विनंती. गुरांसाठी आणलेलं गोचीडनाशक अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्याला लावू नका, आणि गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन 'थोडंसंच' म्हणून देऊ नका. गुराचं आणि कुत्र्याचं वजन, शरीर, मात्रा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कोली (Collie) या विलायती मेंढपाळ कुत्र्याचा अंश असलेल्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन जीवघेणं ठरू शकतं. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनसारखी गोचीडनाशकं तिला कुत्र्याच्या अंगावरूनही बाधतात. त्यापेक्षा वजनानुसार तोंडावाटे द्यायची गोळी मिळते, काही महिनाभर, काही तीन महिने काम करतात. महाग वाटेल, पण गोचीड तापाच्या उपचारापेक्षा नक्कीच स्वस्त आहे.

तो ताप ओळखायला शिका. एर्लिकिया आणि बबेसिया ही गोचिडीतून रक्तात जाणारी जंतूंची नावं. काल उड्या मारणारा कुत्रा आज कोपऱ्यात बसला, भाकरी हुंगून सोडली, हिरड्या फिकट दिसतात, पोटावर लाल-निळे ठिपके, किंवा नाकातून रक्त आलं, तर हे डोक्यात आणा. कुत्र्याचं तापमान एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. एक थर्मामीटर त्याच्यासाठी वेगळा ठेवा. रक्त तपासल्याशिवाय नेमकं सांगता येत नाही. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा जेवायला लागतो आणि घरचे गोळ्या बंद करतात. तिथंच घात होतो, आजार आत दबून राहतो आणि काही महिन्यांनी जास्त जोरानं वर येतो.

तास-दोन तास गायब होण्यामागे आणखी एक कारण आहे, ते स्पष्ट बोलायला हवं. भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि तो माज अश्विनातही रेंगाळतो. माजावरच्या कुत्रीचा वास नराला फार लांबून लागतो. तुमच्या दहा महिन्यांच्या पोराला पहिल्यांदाच तो लागलाय. मागे पाच-सात दांडगे कुत्रे, त्यात हा नवखा. कान फाटतात, मांडीला दात लागतात, आणि पावसाळ्यानंतरच्या माश्यांमुळे अशा जखमेत दोन दिवसांत अळ्या पडतात. मोकाट समागमातून लिंगावर गाठी होण्याचा सांसर्गिक कर्करोगही पसरतो. लिंगातून रक्ताचे थेंब पडताना दिसले तर मुतखडा समजून घरगुती काढे देत बसू नका. व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी तो बहुधा पूर्ण बरा होतो. नसबंदीचा विचार करा. या वळणाच्या कुत्र्यात वाढ पूर्ण झाल्यावर, वर्ष उलटल्यानंतर केलेली बरी. नसबंदीनं भटकणं आणि मारामाऱ्या कमी होतात. उड्या मारणं कमी होत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

काढणीचे दिवस आहेत, म्हणून शेतातलंही सांगतो. सोयाबीनच्या, बाजरीच्या ढिगाखाली उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही विषारी जाती आहेत. कुत्रा नाक घालून शोधतो, म्हणून दंश बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. घोणस चावली तर तोंड बघता बघता सुजतं, रक्त गळत राहतं. नाग-मण्यारीत सूज कमी, पण पापण्या जड, चाल झोकांडी, मग श्वास अडखळतो. आवळून बांधू नका, चिरू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. सापाच्या विषावरची लस तीच, माणसांना देतात ती चार सापांवरची. विष किती गेलं त्यावर ती द्यायची असते, कुत्रा लहान म्हणून कमी लागते असं नाही. म्हणूनच आजच, काही झालेलं नसताना, जवळच्या कुठल्या दवाखान्यात ती असते आणि रात्री कोण उघडतं हे विचारून ठेवा. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२.

विषांपैकी उंदरांची काळपट पूड, झिंक फॉस्फाईड, सगळ्यात दगाबाज. पिठाच्या गोळीत घालून बांधावर ठेवतात. पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की विषारी वायू होतो. इथं लोक हमखास दूध पाजतात, मीठपाणी पाजतात. दोन्ही नको, काहीही खाऊ-पिऊ न घालता, गाडीच्या काचा उघड्या ठेवून थेट दवाखाना. नारायणगावच्या बाजूला द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी या दिवसांतच होते, त्यानंतर वेलीचे डोळे, म्हणजे नवे कोंब, फुटायला हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट काड्यांना लावतात. त्या बागेत, त्या बादल्यांजवळ कुत्रा नको. कीटकनाशकाची बाधा झाली तर लाळ, जुलाब, अंगाला थरथर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या दिसतात. रिकामा डबा सोबत आणा, त्यावरचं नाव वाचून आमचा अर्धा वेळ वाचतो. रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडणारे कोण, हेही शेजारीपाजारी विचारून घ्या. कुणी उघडपणे कबूल करणार नाही, पण गावाला माहीत असतं.

खाण्याचं फार लांबवत नाही. नुसत्या दूध-भाकरीवर वाढता कुत्रा पोसत नाही; अंडी, चिकन, मासे, शिजवलेली डाळ यांतलं रोज काहीतरी हवं. कांदा-लसणाचा रस्सा नको, कांद्यानं लाल रक्तपेशी फुटतात. कांदा साठवायच्या चाळीतले कांदे तो खेळायला पळवत असेल तर तेही थांबवा. शिजवलेली हाडं नकोत. फराळात मनुका-बेदाणे आणि चॉकलेट यांना त्याचं तोंड लागू देऊ नका. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा भरवसा नाही.

दिवाळीची तयारी आतापासून सुरू करा. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा, त्याच वेळी जेवण द्या. रोज थोडा वाढवा. तो जेवणं थांबवतो तिथं पुन्हा मागे या. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत शेवटचं फिरणं पाचच्या आत उरकून घ्या. अंधार पडायच्या आधी आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा चालू, टीव्ही चालू, खाटेखाली जुनी गोधडी. तुम्हा दोघांपैकी एकजण जवळ बसा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्यानं भीती वाढते असं सांगतात, ते खरं नाही. खुशाल जवळ घ्या. माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. फारच घाबरणारा असेल तर आवाज सुरू व्हायच्या आधी द्यायचं औषध तुमच्या डॉक्टरकडून वेळेवर आणून ठेवा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी धावपळ नको. गळपट्ट्यावर मोबाईल नंबर लिहा. सुतळी बॉम्बला बिथरून पळालेली कुत्री गावाबाहेर, रात्री, उसाच्या कडेला सापडतात, आणि तिथं काय असतं ते वर लिहिलंच आहे. तुळशीच्या लग्नानंतर बँड आणि डीजे सुरू होतात, तेव्हा ही सवय तिथंही उपयोगी पडेल.

लसीकरणाचं पुस्तक काढून बघा. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास अनेक सरकारी दवाखान्यांत रेबीजची लस मोफत टोचतात. हुकली असेल तर विकत टोचा, पण याच आठवड्यात. भाद्रपदातल्या मारामाऱ्यांत चाव्यांची सरबत्ती असते. अनोळखी कुत्रा, कोल्हा, मुंगूस चावलं तर हातमोजे घालून जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना भरू नका. लस आधी झालेली असली तरी डॉक्टरकडे नेऊन पुढचे डोस घ्या. माणसाला चावलं किंवा ओरखडलं तर तेवढंच धुणं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना, एकही डोस न चुकवता. रेबीज झाल्यावर उपाय नाही. पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजारांची एकत्र लसही पूर्ण झालीय का पाहा. माजानंतर दोन महिन्यांनी, कार्तिकापासून, गावात पिल्लंच पिल्लं होतात आणि त्यांच्यात हे आजार फिरतात.

शेवटचा मुद्दा मेंढरांचा, कारण दिवाळीच्या पुढेमागे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे कळप आणि त्यांची बिऱ्हाडं, तुमच्या रस्त्यानं जायला लागतील आणि शेतात बसायला येतील. मेंढरू पळालं की तरणा कुत्रा पाठलाग करणारच, ते त्याच्या रक्तात आहे. पण गाभण मेंढी पळून पळून गाभडते, आणि धनगराचं वर्षभराचं नुकसान होतं. त्यांची कुत्रीही कळपासाठी जीव घेतील अशी असतात. वाडा उतरलाय कळलं की तेवढे दिवस कासरा हातातून सोडू नका. पहिल्याच दिवशी जाऊन त्यांना सांगा की कुत्रा आमचा आहे, अमुक वेळेला फिरायला निघतो. तेही कळप कुठल्या बाजूनं हाकणार ते सांगतील, तेवढी वाट सोडून चाला. कुसळाचं किंवा तापाचं काही शंकास्पद दिसलं तर त्या जागेचा उजेडात काढलेला फोटो, वजन आणि तापमान लिहून विचारा.